पाठीवरचं पाणी

धाकूनं तांब्यातलं पाणी बोकडाच्या मानेपासून शेपटीपर्यंत ओतलं आणि तो मागं सरून उभा राहिला. बोकड हलला नाही. पाणी पोटावरून ओघळून भुईवर टपकत राहिलं. आत टेबलापाशी गुरुदत्त क्लोरोफॉर्मची बाटली धरून ताटकळला होता. मेडिकल कॉलेजातून प्रयोगांचा साक्षीदार म्हणून तो मुंबईहून येई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई.

“अजून किती वेळ, सर?”

“मला काय विचारतोस? त्याला विचार,” डॉक्टर विठ्ठलराव म्हणाले आणि त्यांनी बोकडाकडे बोट केलं.

धाकूनं आणखी दोनदा पाणी घातलं. मग मान हलवून तो दावं सोडायला वाकला.

“नाय म्हनतो हा. सोडतो.”

गाठ अर्धी सुटली होती. तेवढ्यात बोकडानं कान फडफडवले आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. थेंब विठ्ठलरावांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या लुगड्यावर उडाले. धाकूनं गाठ पुन्हा आवळली.

“अरे, तू सोडला होतास ना त्याला?” ती म्हणाली.

“दावा माज्या हातातच होता, बाय. उशिरा म्हनला, पन हो म्हनला.”

तो बोकडाला आत घेऊन गेला. मंदाकिनी दारातच थांबली. वडिलांना सुया उकळून देण्यापासून भुलीचं फडकं घड्या घालून ठेवण्यापर्यंत सगळं ती करी, पण त्या टेबलापाशी उभं राहणं तिला अजून जमत नव्हतं.

कोपरीच्या खाडीकाठचं ते कौलारू छप्पर विठ्ठलरावांनी मुद्दाम गावाबाहेर घेतलं होतं. नागाच्या विषावर ते एक उतारा शोधत होते. मिठागराच्या बांधांवर दर वर्षी कुणी ना कुणी नाग चावून मरे. धाकूच्या गोविंदाला नाग चावला तेव्हा विठ्ठलराव पोचेपर्यंत पोराचा श्वास चालू होता आणि त्यांच्या पेटीत त्याला देण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतलं आणि धाकूलाच जनावरं सांभाळायला ठेवलं.

दाराशेजारच्या फळीवर त्यांनी स्वतः चुन्यानं नियम लिहिले होते. उपाशी जनावराला हात लावायचा नाही. भूल दिल्याशिवाय सुई टोचायची नाही. एकदा वापरलेलं जनावर पुन्हा वापरायचं नाही. साक्षीदाराशिवाय काही करायचं नाही. शेवटची ओळ मात्र धाकूची होती. गावदेवीला बोकड देताना त्याच्या पाठीवर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं तर त्याची संमती, नाहीतर त्याला सोडून द्यायचं, ही त्याच्या गावची रीत. देवीच्या बोकडाला विचारतो, मग दागदराच्या बोकडाला का नाही, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मुंबईचे प्राध्यापक हे ऐकून पोट धरून हसले. विठ्ठलराव हसले नाहीत. त्यांनी चुना कालवला आणि ती ओळ लिहिली.

नकार दिलेले बोकड छपरामागच्या बांधावर चरत असत. त्यांना कुणी हात लावत नसे.

थोड्या वेळानं आतून गुरुदत्त हात पुशीत बाहेर आला. त्याच्या मागून विठ्ठलराव. दोघांच्या चेहऱ्यांवरून तिला काय ते कळलं.

“उतारा दिल्यावर नाडी सुधारली होती,” विठ्ठलराव म्हणाले. “तू पाहिलीस.”

“पाहिली, सर. पण कॉलेजात ते हेच म्हणतील. विषानं श्वास मंदावतो, क्लोरोफॉर्मनंही मंदावतो. जनावर कशानं मेलं ते सांगता येत नाही. भूल न देता करा, मग आम्ही विचार करू, म्हणतात.”

“भूल न देता मी करणार नाही.”

“मग सर, ह्यातून कधीच काही सिद्ध व्हायचं नाही.”

विठ्ठलरावांनी खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. काळ्या चिखलात एक बगळा पाय रोवून उभा होता.

“तू आज जाऊ नकोस,” ते म्हणाले. “आमच्याकडे राहा. उद्या सकाळी लागशील.”

“उद्या? पण सर, जनावर उरलेलं नाही.”

“आहे एक,” विठ्ठलराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी दिव्याची काच पुसली, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मंदाकिनीच्या हातात दिली आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं, “कल्याणला तुझ्या दिरांना निरोप धाडलाय. रविवारी येऊन जातील.”

“ते कशाला येतील?”

“बऱ्याच दिवसांत आले नाहीत.”

नवरा गेल्यावर ती कल्याणहून परत आली, त्याला सात वर्षं झाली होती. त्या घरात तिला ओसरीवर यायची बंदी होती. इथं वडिलांनी तिला वाचायला शिकवलं आणि मग वाचायला पुरतील एवढी पुस्तकं आणली. दीर कधी सहज येत नसत. ती किल्ली मुठीत घेऊन उभी राहिली.

“आबा, उद्याचं जनावर कुठलं?”

“सकाळी लवकर जेवायला वाढ,” ते म्हणाले. “पोटभर. उपाशी चालत नाही.”

सकाळी ते पोटभर जेवले. भातावर दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं, गुरुदत्तालाही आग्रह केला. त्यानं घास नुसता चिवडला. त्याला एव्हाना सगळं सांगितलेलं होतं; त्याचे डोळे लाल झाले होते.

छपरात विठ्ठलरावांनी कोट काढून खुंटीला लावला आणि डाव्या हाताची बाही दुमडायला घेतली. टेबलावर दोन पिचकाऱ्या होत्या. एकीत विष, दुसरीत उतारा. धाकू दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

“आबा,” मंदाकिनी म्हणाली, “फळीवर भूल लिहिली आहे.”

“ती ज्याला हो-नाही म्हणता येत नाही त्याच्यासाठी. मला म्हणता येतं.”

“तुम्ही म्हणालात म्हणून झालं? संमती बघायची कशी, हेही फळीवर लिहिलंय. तुमच्याच हातानं.”

विठ्ठलरावांनी बाही अर्धवट सोडली. मग ते हसले. गेल्या कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते.

“गुरुदत्त, बघ. मुलीला वाचायला शिकवू नये ते एवढ्यासाठी.” त्यांनी सदरा काढला आणि बाहेरच्या दगडावर पाठ करून बसले. “घाल रे धाकू. तुझा नियम.”

पौषातली सकाळ होती. उन्हात ऊब नव्हती. मंदाकिनी आत गेली आणि चुलीपाशी झाकून ठेवलेला तांब्या पदरात धरून घेऊन आली. सुया उकळायची ती चूल तिनं आज सगळ्यांच्या आधी येऊन पेटवली होती.

धाकूनं तांब्या हातात घेतला. त्याची बोटं तांब्याच्या पोटावर थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. तांब्याला दोन्ही हातांनी धरून त्यानं पहिली धार सोडली.

विठ्ठलरावांची पाठ गोरी आणि बारीक होती. मणके एकेक मोजता आले असते. पाणी त्यांवरून ओघळलं. ते हलले नाहीत.

दुसरी धार.

“पाणी कोमट आहे, मंदा,” ते मान न वळवता म्हणाले.

बदलून आण, असं ते म्हणाले नाहीत. लहानपणी न्हाणीघरात ती याच आवाजात त्यांना सांगे, पाणी गार आहे, आबा. आणि ते ऊन पाण्याचं विसण घालून देत.

तिसरी धार धाकूनं इतकी सावकाश सोडली की शेवटचे थेंब वेगळे पडताना ऐकू आले. मागं बांधावर सुटे बोकड पाला ओरबाडत होते. त्यांतल्या एकानं मान वर करून पाहिलं.

“नाय झाडलान,” धाकू मोठ्यानं म्हणाला. त्यानं तांब्या खाली ठेवला. “नाय म्हनाले दागदर. संपलां.”

गुरुदत्तानं हातातली पिचकारी टेबलावर ठेवली आणि तो भिंतीला टेकला. मंदाकिनीनं खांद्यावरचा पंचा काढला. विठ्ठलराव दगडावरून उठले, सदऱ्यासाठी त्यांनी हात लांब केला.

भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं. त्याच्या पुढं पुढं येणारा वारा चिखलावरून सरसरत आला आणि ओल्या पाठीला लागला.

मानेपासून कमरेपर्यंत विठ्ठलरावांचं अंग शहारलं. खांद्यांवरून थेंब उडाले.

मंदाकिनीनं धाकूकडे पाहिलं. तो पाठमोरा झाला होता, खाली बसून रिकामा तांब्या चिखलानं घासत होता. तांब्या लखलखीत होता, तरी घासत होता.

“मी नाय बगितला,” तो म्हणाला. “माजी पाठ होती. मी काय बगितलाच नाय.”

“मला कळलं ना, धाकू,” विठ्ठलराव मऊ आवाजात म्हणाले.

त्यांनी सदरा घेतला नाही. ते आत गेले, टेबलापाशी बसले आणि डावा हात त्यांनी पसरून ठेवला. “ये, गुरुदत्त.”

मंदाकिनी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. त्या टेबलापाशी ती पहिल्यांदाच आली होती. तिनं पंचा उलगडला आणि ती त्यांची पाठ पुसू लागली. पाठ कोरडी झाली, तरी ती पुसत राहिली.