अंजूच्या ढावल्याचं राहिलेलं कडवं

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि माझी घोडी उखडली आहे. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधतात तिला घोडी म्हणतात. ती गेली की गिटार म्हणजे नुसता पोकळ डबा. बोरी अरबजवळच्या एका तांड्यात, भावसिंगच्या घरच्या माळ्यावर मी सरकीच्या पोत्याला टेकून पडले होते. आज मला खाली काढलं आहे. माझी गोष्ट मी घाईघाईने सांगते आहे, कारण इथे माझ्याहून मोठं काहीतरी मोडायला आलं आहे.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका कारखान्यात झाला. तोंड देवदाराचं, तारा नायलॉनच्या. लोखंडी तारांच्या गिटारी खणखणतात, आम्ही हळू बोलतो. कोणी शांत बसून ऐकेल तर आमचा उपयोग, नाहीतर नाही. यवतमाळच्या कपिल सरांनी मला विकत आणलं. त्यांच्या गाण्याच्या शिकवणीला एक दिवस भावसिंगचा मुलगा बादल आला. चांगला मिशीवाला, रुंद खांद्यांचा गडी. त्याने तोंड उघडलं आणि बाईसारखा उंच, स्वच्छ आवाज निघाला. बाकीची पोरं फिदीफिदी हसली.

"काहून हसता बे?" सर म्हणाले. "असं गानाऱ्या मानसाले बाहेरदेशात काउंटरटेनर म्हनतात. लोक चूप बसून आयकतात त्याले."

पुढे सरांची बदली झाली, तेव्हा त्यांनी मला बादलच्या हाती दिलं. माझ्या हळू बोलण्याखाली त्याचा आवाज दबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

तांड्यात आले आणि मला खरी ऐकणारी भेटली. बादलची आई, रुपीबाई. घरात ही माणसं गोरबोली बोलतात, तुम्हाला कळावं म्हणून त्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत सांगते. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्या गाण्याला ढावलो म्हणतात. तांड्यातल्या कितीतरी पोरींना ढावलो रुपीबाईने शिकवला होता. अंगणात तूर पाखडता पाखडता ती गायची आणि बादल माझ्यावर सूर धरून तिच्यामागून गायचा. दोघांचे आवाज इतके सारखे की मलासुद्धा कोण कुठे थांबलं ते कळायचं नाही. तो चुकला की ती सूप थांबवायची. "पुन्ना म्हन," एवढंच बोलायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

भावसिंगला मात्र हे खपत नसे. होळीला गडी माणसं लेंगी म्हणतात, भरदार आवाजात. त्यात बादलचा आवाज वर चढला की लोक टाळ्या पिटून हसत. "मर्दासारखा गळा काढ, नाहीतर चूप राह्य," भावसिंग म्हणायचा. बादल चूप राहायचा.

रुपीबाईने एक ढावलो खास आपल्या लेकीसाठी, अंजूसाठी रचला होता. "शिकून घे वं," ती म्हणायची. अंजूचं उत्तर ठरलेलं, "लग्नाच्या टायमाले शिकीन ना." तिला वाटलं, याडी, म्हणजे आई, कुठे जाते आहे. पण पावसाळ्याच्या तोंडाशी रुपीबाई तापाने गेली, आणि तिचा तो ढावलो एकट्या बादलच्या गळ्यात उरला.

लग्न उन्हाळ्यात ठरलं. अंजू भावाकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"मले याडीचाच ढावलो पायजे. दुसरा नाही."

"मी कसा म्हनू? मानसं ढावलो म्हनत नाहीत. बा जीव घेईन."

"तू घरातून म्हन, पडद्याच्या मांगून. मी तुह्या मांगून म्हनीन. कोनाले समजते?"

बादल कबूल झाला, आणि तिथेच माझा घात झाला. पडद्याआडून माझा हळू आवाज मांडवात बसलेल्या अंजूपर्यंत पोचेना. मग त्याने बाजारातून लोखंडी तारा आणून माझ्यावर चढवल्या. मित्रांनो, नायलॉनच्या गिटारीला लोखंडी तार म्हणजे शेळीला बैलाचं जू. खुंट्या पिळल्या तशी माझी घोडी करकरू लागली. त्याला वाटलं, उन्हाने लाकूड वाजतं आहे. मी ओरडत होते हो, पण माझं ओरडणंही त्याला सूरच वाटलं.

निघायची वेळ झाली. अंजू बापाच्या गळ्यात पडली. आतून बादलने सुरुवात केली, "याडी, तुझ्या चुलीची राख माझ्या पायाला लागली, ती पुसू नको." अंजू एकेक ओळ उचलून रडत गाऊ लागली. भावसिंगचा हात लेकीच्या पाठीवरच थबकला.

"हे कोन म्हनून राह्यलं?" त्याने बहिणीला, कौसल्याला विचारलं. "हा तं रुपीचा आवाज हाय."

कौसल्याने पदराने डोळे पुसले. "तुहा बादल हाय, भाऊ."

भावसिंग ऐकत राहिला. आता शेवटचं कडवं यायचं होतं. त्यात लेक बापाशी बोलते. बादलने श्वास घेतला, बोटं उचलली, आणि बंदुकीचा बार उडावा तशी माझी घोडी उपटून निघाली. कोणीतरी पडदा सारला. साऱ्या मांडवाने बादलला पाहिलं. एक जण म्हणाला, "नवरीचा गळा तं मिशीत निघाला." लोक हसले. बादलने मान खाली घातली. गाडी सुरू झाली आणि अंजू अर्ध्या ढावल्यावर सासरी गेली.

त्या दिवसापासून बादल गायला नाही. गुणगुणतसुद्धा नाही. अंजूने फोनवर कितीदा विनवलं. तो म्हणतो, "गिटारच फुटली, कायचं म्हनू." न वापरलेला गळा गंजतो, मित्रांनो, आणि गाणं विसरतं. मला त्या कडव्याचे सूर ठाऊक आहेत, शब्द नाहीत. शब्द जगात एकाच माणसाकडे आहेत आणि तो तोंड मिटून बसला आहे.

आज भावसिंगने स्वतः माळ्यावर चढून मला खाली आणलं. धोतराच्या सोग्याने माझी धूळ पुसली आणि मांडीवर घेऊन तो बादलसमोर बसला.

"हे दुरुस्त होते काय?"

"नाही होत, बा. राहू द्या."

भावसिंगचे ओठ हलले. त्याला काय मागायचं आहे ते मला कळतं, पण त्याला मागता येत नाही, आणि याला ओळखता येत नाही. दोघे माझ्याकडे बघत बसले आहेत, आणि माझ्यात आता बघण्यासारखं काही नाही.

मित्रांनो, गिटारी सांगतात की आम्हाला जपा, उन्हात ठेवू नका, भलत्या तारा लावू नका. मी ते मागत नाही. मला चुलीत घाला हवं तर. पण तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेलात तर दारात थांबून त्या पोराला एवढं सांगा, हात जोडते, की अंगणात बसून ते शेवटचं कडवं म्हण, तुझा बाप ऐकायला बसला आहे. त्याची आई गायची तेव्हा तिच्या हातात गिटार नव्हती, तुरीचं सूप होतं.