दोनशे चाळीसच्या आत

खोक्यात दोनशे चाळीस डब्या होत्या. काडेपेटीएवढ्या, लाकडी, वरून बारीक जाळीच्या. प्रत्येक डबीत एक राणी माशी, तिच्या दिमतीला आठ कामकरी माश्या आणि कोपऱ्यात मध-साखरेचा गोळा. खोक्याच्या चारही बाजूंना हवेसाठी भोकं होती. एका भोकातून तापमापकाची तार बाहेर आली होती. गाडी सीमेच्या नाक्यावर थांबली तेव्हा आकडा चौतीस होता. पोळ्यातही एवढाच असतो.

जाझगुलला तो आकडा बघून बरं वाटलं. तिनं पलीकडे कझाक हद्दीत या राण्यांची वाट बघणाऱ्या मधपाळ कुआनिश आगाला फोन लावला.

"नाक्यावर आलोय. संध्याकाळी तुमच्या दारात."

"लवकर ये गं पोरी. तुझ्या सांगण्यावरून काल सगळ्या जुन्या राण्या काढल्यात मी. दोनशे चाळीस पोळी रडतायत नुसती."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. जुनी राणी आदल्या दिवशी काढावीच लागते, नाहीतर पोळं नवीला मारून टाकतं. पण नवी वेळेवर आली नाही, तर ते पोळंच हळूहळू संपतं. दिवस जाझगुलनंच सांगितला होता. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती डोंगरात मामाच्या मधपेट्यांकडे परतली, त्यानंतर वाढवलेल्या या तिच्या पहिल्या राण्या. रस्त्याला किती वेळ लागेल हे तिनं नीट काढलं होतं. नाक्याला किती, ते काढायचं राहिलं होतं.

कस्टमचा शिपाई मेइराम तिच्याच वयाचा होता. त्यानं कागद वाचला, एक डबी उचलून उन्हात धरली आणि ओठ हलवत मोजू लागला.

"कागदावर दोनशे चाळीस जिवंत प्राणी. आणि या एका डबीत नऊ?"

"एक राणी, आठ कामकरी. कागद राण्यांचा आहे."

"मग या आठ जणी कोण? पाहुण्या?"

"राणी स्वतःच्या तोंडानं धड खात नाही. त्या भरवतात तिला. उकडलं तर पंखांनी वारा घालतात."

"म्हणजे नोकरचाकर! अगं बहिणी, खानाची मुलगी सीमा ओलांडते तेव्हा तिच्या दासींचेही कागद लागतात." स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. "जाहीर न केलेले एक हजार नऊशे वीस प्राणी. काढून टाक त्यांना इथंच, आणि जा."

"डब्या उघडल्या तर राण्याही उडतील. आणि ज्या राहतील त्यांना भरवणार कोण, तू?"

"मग मागे जा आणि कागद दुरुस्त करून आण."

"आज शनिवार आहे. ऑफिस बंद."

"मग सोमवारी ये."

इतका वेळ स्टीअरिंगवर हनुवटी टेकवून बसलेला ड्रायव्हर तोक्तोसुन आका आता खाली उतरला. शेजारच्या रांगेतून मेंढ्यांचा ट्रक शिक्का घेऊन पुढे सरकत होता.

"काय रे पोरा, त्या मेंढ्या किती?"

"ऐंशी. कागदावर ऐंशी, ट्रकमध्ये ऐंशी."

"आणि त्यांच्या लोकरीतल्या गोचिड्या? त्या मोजल्यास?"

"गोचिडी म्हणजे माल नाही, आका."

"मग या आठ जणीही माल नाहीत! विकत कोण घेतंय त्यांना?"

मेइरामचं हसू थांबलं. क्षणभर जाझगुलला वाटलं, पटलं याला. पण त्यानं मान खाली घालून चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं. "ते साहेबांना सांगा. जेवायला गेलेत. तोवर माल सीलबंद राहील."

त्यानं खोक्याला उभी पट्टी मारली, आडवी मारली, मग एकेक भोक पट्टीनं बुजवायला लागला.

"भोकं कशाला बुजवतोस? जिवंत आहेत त्या!"

"सीलबंद मालाला उघडी जागा नको. मागच्या वर्षी अशाच भोकांतून चीजच्या खोक्यात सिगारेटी भरल्या होत्या."

"माश्या काय सिगारेटी ओढणारेत?"

"नियम मी केलेला नाही, बहिणी." शेवटच्या भोकावर त्यानं अंगठा दाबून पट्टी घट्ट बसवली. तार तेवढी बाहेर राहिली. "सील तोडलंस तर गुन्हा. आधीच सांगून ठेवतो."

खोकं आवारात सिमेंटवर ठेवलं. सावली नव्हती. तोक्तोसुन आकानं आपली ताडपत्री आणून धरली. जाझगुलनं डोक्याचा रुमाल भिजवून वर पसरला आणि कान लावला. आत सगळ्या दासी एकदम पंख हलवत होत्या, पण जी हवा ढवळत होत्या ती बाहेर जायला वाट नव्हती. सदतीस. एकोणचाळीस. ती खिडकीशी गेली आणि तिनं तो आकडा मेइरामला दाखवला.

"बाहेरही अडतीस आहे," तो म्हणाला. "मलाही उकडतंय."

एकेचाळीसला आतला आवाज बारीक झाला. बेचाळीसला तो तुटक येऊ लागला. जाझगुल खोक्यापासून उठली. साऱ्या मोसमात तिनं त्या राण्यांना बोटाचा धक्काही लागू दिला नव्हता, आणि इथं एकानं अंगठ्यानं त्यांचा श्वास बंद केला होता. तोही रागानं नाही, नुसता हुकूम होता म्हणून.

"आका, टरबूज कापायची सुरी द्या."

"अगं, तुरुंगात टाकतील."

"द्या म्हणते ना!"

तिनं चारही बाजूंची पट्टी उभी चिरली. आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. मेइराम ओरडत धावला, आणि त्याच्यामागून नॅपकिनला हात पुसत साहेब आले. त्यांनी फाटलेली पट्टी पाहिली, कागद पाहिला, डब्या पाहिल्या.

"सील तोडल्याचा दंड लाव," ते मेइरामला म्हणाले. "आणि माल पुन्हा मोज. मेलेला प्राणी हा प्राणी नव्हे. जिवंत दोनशे चाळीसच्या आत असतील तर कागद बरोबर आहे, गाडी सोड. जास्त असतील तर परत पाठव."

"आत असतील तर?" जाझगुल म्हणाली. "म्हणजे मेल्या तर कागद बरोबर?"

"बाई, मी कागदाचं बोलतोय."

तिनं डब्या गाडीच्या बॉनेटवर ओळीनं मांडल्या. मेइराम समोर उभा राहिला. या वेळी तो हसत नव्हता, मोजताना त्याचे ओठही हलत नव्हते. ती डबी उचलायची, जाळीवर हलकी फुंकर घालायची, आत काही हललं तरच आकडा बोलायची. तो लिहून घ्यायचा.

राण्या एकशे एकोणीस. दासी ब्याण्णव. एकूण जिवंत प्राणी दोनशे अकरा.