नाबेंडेच्या टाकीतलं भूत

"बिघाड निघाला तर मी नाचेन, भूत निघालं तर तू!" असं नाबेंडे म्हणाला आणि थांब्यावरच्या सगळ्या बोडावाल्यांनी, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली हाकणाऱ्यांनी, हॉर्न वाजवून पैज पक्की केली.

नाचायचं म्हणजे साधं नाचायचं नव्हतं. त्या डोंगरात सुंतेच्या वर्षी वयात आलेली पोरं जशी अंगाला नाचणीचं पीठ फासून, मांड्यांना घुंगरं बांधून गावभर नाचतात, तसं नाचायचं होतं. तेही शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी. पोरगं नाचलं तर गाव कौतुक करतं. सुंता होऊन तीस वर्षं झालेला बाप्या नाचला, तर त्याची नातवंडं विचारतात, "आजोबा, तुमची राहिली होती का?"

वामिंबी मिस्त्रीनं टाळी दिली. पन्नाशीचा गडी, पण पोलिसाच्या शिट्टीत मिरचीची पूड भरणाऱ्यातला. अशी पैज सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

मामला नाबेंडेच्या मोटरसायकलचा होता. नाबेंडे थांब्याचा अध्यक्ष. सवाऱ्या ने-आण करणाऱ्या चाळीस बोडा त्याच्या शब्दावर चालायच्या, फक्त त्याची स्वतःची चालत नव्हती. खालच्या पंपावरून निघायची, दोन सवाऱ्या घेऊन चढ चढायची आणि फणसाच्या वळणावर आली की भक, भक, बंद! दहा मिनिटं शिव्या खाल्ल्या की आपोआप चालू. बरं, रोजही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा. वामिंबीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, वायर न् वायर तपासली. त्याच्या टपरीसमोर गाडी अशी चालायची की लग्नाला न्यावी. वर गेली की मेली.

तिसऱ्या खेपेला वामिंबीला काही सुचेना. आणि काही सुचलं नाही की तो करतो तेच त्यानं केलं. विनोद.

"त्या वळणावर कोण राहतं? नाकायेंझे आजी. म्हातारीनं डोळा मारला असेल तुझ्या इंजिनाला. तरणंबांड आहे ना!"

थांबा पोट धरधरून हसला. दोन दिवसांनी तोच विनोद परत आला तेव्हा कुणी हसत नव्हतं. प्रेषित जोथाम तो ध्वनिक्षेपकावरून खरी गोष्ट म्हणून सांगत होता, आणि त्यावरूनच थांब्यावर ती पैज लागली.

हा प्रेषित दोन महिन्यांपूर्वी गावात उगवला होता. पांढरा सूट, लालभडक मोटरसायकल, तिच्यावर भोंगा आणि गळ्यात कायम लटकणारा माइक. मंगळवारी नाबेंडेची गाडी वळणावर पुन्हा मेली, तेव्हा हा हजर. मागून गर्दी. पंचवीस वर्षांत लसीकरणाला कधी इतकी माणसं जमली नव्हती.

कुणीतरी वाहिलेली पांढरी कोंबडी बगलेत मारून प्रेषितानं गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या.

"हे दुष्टात्म्या!" भोंगा किंचाळला. "तू प्लग चाटतोस! तू चेन चावतोस! गरिबाचं पेट्रोल पिऊन तू ढेकर देतोस! सांग, तू सायलेन्सरमध्ये आहेस की सीटखाली?"

भूत काही बोललं नाही. बहुतेक त्यालाही ठरवता येत नव्हतं.

"टाकीत आहे!" प्रेषितानंच सांगून टाकलं. त्यानं किल्ली घातली, झाकण उघडलं. फुस्स्स!

"ऐकलंत? गेलं! गेलं!"

लोक दोन पावलं मागे सरले. टाकीत मंतरलेल्या तेलाचे तीन थेंब पडले, झाकण बसलं, एक किक, आणि गाडी धडधडायला लागली. "हालेलुया!" एक बाई चक्कर येऊन पडली, दुसरी तिला उचलायला गेली न् तीही पडली. नाबेंडे गुडघ्यांवर बसून स्वतःच्या पुढच्या चाकाला मिठी मारून रडला.

"वामिंबी, पीठ भिजव!" कुणीतरी ओरडलं. "शनिवारी तुझी सुंता!"

वामिंबी हसला नाही. तो टाकीकडे बघत होता. कोंबडीचं एक पीस टाकीवर पडलं होतं. झाकण उघडलं आणि फुस्स झालं, तेव्हा ते उडायला हवं होतं. ते उडालं नाही. सरकत सरकत गेलं आणि टाकीच्या तोंडात गुडुप झालं.

भूत बाहेर पडलं म्हणे. मग पीस आत का गेलं?

पण तेवढ्यात प्रेषितानं बोट उचललं होतं. "भूत धाडणारी तिथं बसलीय! शनिवारी बाजार झाला की आपण ते घर जाळून शुद्ध करू. आणि त्या शुद्ध जागेवर, रस्त्याला लागून, देवाचं मोठं प्रार्थनामंदिर बांधू!"

शनिवारपर्यंत थांबायला सगळ्यांनाच जमलं नाही. कोयते निघाले. नाकायेंझे आजी दारात घेवडा सोलत बसली होती. तिच्यासमोर तिची केळीची बाग आडवी झाली. घडासकट. एक ढेकूळ तिच्या खांद्यावर फुटलं. तिनं माती झटकली आणि पुढची शेंग सोलायला घेतली. कारण उठून पळालं की माणसं मागे धावतात, हे तिला ठाऊक होतं. सत्तर वर्षांत तिनं अशा दोन बायका पळताना पाहिल्या होत्या.

गर्दी ओसरल्यावर वामिंबी दाराशी गेला. 

"ये मिस्त्री," आजी म्हणाली. "तुझा विनोद ऐकला. मलाही हसू आलं असतं, पण मी कामात होते."

वामिंबीच्या उभ्या आयुष्यात त्याला कुणी इतकं गार केलं नव्हतं.

संध्याकाळी तो नाबेंडेच्या अंगणात गेला. नाबेंडे पोराटोरांत बसून घेवडा न् उकडलेली केळी हाणत होता. समोर देवासारखी गाडी उभी.

"झाकणाला हात लावू नको!" तो ताटावरूनच ओरडला. "प्रेषितांची मोहर आहे ती. रक्ताची."

झाकणावर, किल्लीच्या भोकाशेजारी, लाल रंगाचा छोटा क्रूस रंगवलेला होता.

"ही मोहर कधी मारली?"

"महिना झाला. फुकट मारून दिली, अध्यक्ष म्हणून."

"आणि गाडी कधीपासून बंद पडते?"

"महिनाच झाला की. नशीब मोहर होती! नाहीतर भुतानं मला दरीत घातलं असतं."

वामिंबीनं डोळे मिटून घेतले. कधीकधी दोस्ताच्या तोंडाकडे बघवत नाही.

"टाकी गच्च कधी भरतोस रे?"

"वरच्या गावच्या दोन सवाऱ्या मिळाल्या की. एरवी लिटरभर टाकतो."

"आणि बंद पडते ती...?"

"गच्च भरली त्याच दिवशी! माझी कमाई कधी आहे हे त्या भुताला बरोबर कळतं बघ."

वामिंबीनं वाकून झाकणाचा वास घेतला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याची बायको लग्नाकार्याला निघाली की घरभर हाच वास सुटायचा. नखाला लावायच्या लाल रंगाचा.

त्यानं तिथंच सांगून टाकलं असतं, पण विश्वास कुणी ठेवला असता? पोलिसाची शिट्टी अजून कुणी विसरलं नव्हतं. शिवाय प्रेषित म्हणाला असता, मला काय ठाऊक झाकणाला आणखी एक बारीक भोक असतं, मी देवमाणूस. त्याला ते ठाऊक आहे, हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी वामिंबी मान खाली घालून प्रेषितापुढे गेला.

"मी हरलो, बाबा. पापी आहे मी. प्रायश्चित्त म्हणून तुमची गाडी धुऊन देतो. टाकीही गच्च भरून देतो, माझ्या पदरची."

"पश्चात्ताप!" भोंगा गरजला. "मिस्त्रीसुद्धा वाकला!"

लोकांनी दाटीवाटीनं उभं राहून वामिंबीला गाडी धुताना पाहिलं. काहींनी वरून पाणी ओतायला मदत केली, त्याच्या डोक्यावर. त्यानं सगळं सोसलं, टायरची माती नखानं काढली, टाकी काठोकाठ भरली, झाकण बसवलं आणि फडक्याआडून बायकोच्या बाटलीतला एक थेंब टेकवला. लाल गाडीवर लाल थेंब.

दुपारी मिरवणूक निघाली. दोन-तीनशे माणसं, कोयते, पेट्रोलचा डबा. पुढे प्रेषित, मागे त्याचा गलेलठ्ठ सेवक. त्यांच्यामागे टाकी गच्च भरून नाबेंडे, मागच्या सीटवर वामिंबी. हरलेल्यानं जळतं घर बघायलाच हवं, असं ठरलं होतं.

चढ लागला. भजन रंगात आलं. पिठाच्या गिरणीसमोर प्रेषिताची गाडी म्हणाली, भक. मग म्हणाली, भक भक. आणि गप्प झाली.

भजनही गप्प झालं.

"आजीचं घर तर अजून दीड मैल आहे," गिरणीवाली बाई म्हणाली. "भूत इथवर चालत आलं का?"

प्रेषितानं किक मारली. पुन्हा मारली. सूट घामानं पाठीला चिकटला. दोनशे माणसं बघतायत, डबा तयार आहे, आणि गाडी मेलेली! माणसाला घाई झाली की जुनी सवय हात उचलते. त्यानं किल्ली झाकणात घातली, उघडलं, फुस्स, बंद केलं, किक. गाडी चालू. सगळं सहा सेकंदांत.

"प्रेषित, प्रार्थना राहिली!" वामिंबी मागून ओरडला. "आणि तेल?"

प्रेषितानं झाकणाकडे निरखून पाहिलं. नखानं खरवडलं. आणि गळ्यात माइक आहे हे विसरून तो जे बोलला, ते भोंग्यानं चार डोंगरांना ऐकवलं.

"कुठल्या गाढवानं माझं भोक बुजवलं?"



"कसलं भोक, बाबा?" वामिंबीनं अगदी भोळ्या आवाजात विचारलं.

मग तो उतरला. गिरणीच्या दारातल्या कोंबडीचं एक पीस उचलून त्यानं नाबेंडेच्या टाकीच्या तोंडाशी ठेवलं आणि झाकण उचललं. फुस्स! पीस आत.

"बघितलंत? भूत बाहेर पडत नाही. हवा आत जाते. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जेवढं जळतं, तेवढी हवा त्यातून आत शिरते. भोक बुजवलं की टाकी पेट्रोल धरून ठेवते. पटत नसेल तर पाण्याची बाटली तोंडाला लावा, ओठ घट्ट आवळा आणि नुसतं ओढा. किती वेळ पाणी येतं बघू!"

दहा-बारा जणांनी बाटल्या लावल्या. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पाणी थांबलं.

"टाकी अर्धी असली की आत हवा भरपूर, म्हणून लवकर अडत नाही. गच्च भरली की जागाच नाही, चढावर अडते. दहा मिनिटांत कडेनं थोडी हवा झिरपते, की पुन्हा चालू. आणि तुझी रक्ताची मोहर, अध्यक्ष, ती माझ्या बायकोच्या पायाच्या नखांवरही आहे."

त्यानं सुईनं लाल क्रूस टोकरला. नाबेंडे तीच गच्च टाकी घेऊन, मागे दोन माणसं बसवून, वळणाच्याही पुढे गेला आणि परत आला. गाडी एकदाही खोकली नाही.

"खाली शहरात सहा वर्षं बोडा चालवायचा हा," गलेलठ्ठ सेवक हळूच म्हणाला आणि बाजूला सरकला.

लोक प्रेषिताकडे वळले. तेच कोयते, तेच चेहरे, आणि तोच आनंद. एकानं पेट्रोलचा डबा उचललाही. वामिंबीनं लाथ मारून तो गटारात सांडला.

"जाळायला कुणीतरी हवंच असतं का रे तुम्हाला?"

तेवढ्यात प्रेषित सूट-बुटासकट कॉफीच्या मळ्यात घुसला. भोंगा रस्त्यावर राहिला. काटेरी कुंपणात त्याची विजार राहिली, ती मात्र गर्दीनं काठीवर उचलून नाचवली.

"आता पैज!" कुणीतरी ओरडलं.

गिरणी समोरच होती. गिरणीवालीनं नाचणीचं पीठ टोपलीभर दिलं, घुंगरं कुठूनशी आली. नाबेंडेला उघडा करून पीठ फासलं, डोक्यापासून ढुंगणापर्यंत. चाळीस बोडांचा अध्यक्ष, सहा पोरांचा बाप, रस्त्याच्या मधोमध थयथय नाचायला लागला. त्याची स्वतःची पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. वामिंबी टाळ्यांचा ताल धरत होता.

आवाज ऐकून नाकायेंझे आजी काठी टेकत उतरली होती. दीड मैल. लोकांनी वाट दिली. ती गिरणीच्या पायरीवर बसली.

"चांगला नाचतो," ती म्हणाली. "माझी केळीची बावीस झाडं होती. बावीस फेऱ्या होऊ देत."

हशा पिकला. नाबेंडे रडवेला झाला. आजीनं मान वळवली.

"आणि मिस्त्री, तू टाळ्या कसल्या वाजवतोस? नाव पहिलं कुणी घेतलं माझं?"

वामिंबीचे हात हवेतच थांबले. मग त्यानं शर्ट काढला, टोपलीत हात घातला आणि स्वतःच स्वतःच्या तोंडाला पीठ फासलं.

"ऐका रे," तो म्हणाला, आणि या खेपेला तो विनोद करत नव्हता. "गाडी बंद पडली तर आधी झाकण उघडून बघा. मग प्लग बघा, मग वायरी. सगळं बघून झालं आणि तरी कळलं नाही, तर 'मला कळलं नाही' असं म्हणा. मला ते म्हणायला लाज वाटली, म्हणून मी एका म्हातारीचं नाव घेतलं. बिघाड मोटरसायकलमध्ये असतो. शेजारणीत नसतो."

आणि तो नाबेंडेशेजारी नाचायला लागला. लोक पुन्हा हसले, पण मागच्या रांगेतले दोघे-तिघे कोयते पाठीमागे लपवून हळूच घराकडे वळले.

"थांबा," आजी पायरीवरूनच म्हणाली. "तुमचे कोयते मी ओळखते. या पुढे. पीठ पुष्कळ आहे."