गाडलेले शून्य

माझ्या अंगावर दोनशे रेघा आहेत आणि त्यांतली एकही चुकीच्या जागी नाही, हे मित्रांनो, मी आरंभीच सांगून ठेवते. कारण सरकारी कागदावर माझ्याविषयी याच्या नेमके उलट लिहिलेले आहे. मी उंची मोजण्याची सागवानी पट्टी आहे. वयाने जुनी, स्वभावाने सरळ, आणि माणसांच्या सहवासाने बरीच वैतागलेली.

१९७२ साली सौंसरच्या नत्थूजी सुतारांनी मला घडवले. मोजमापाच्या बाबतीत नत्थूजी कोणावर विश्वास ठेवत नसत, स्वतःच्या डोळ्यांवरही नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडून त्यांनी पोलादी पट्टी मागून आणली, तापवलेल्या तारेने माझ्यावर एकेका सेंटिमीटरची रेघ डागली, आणि काम झाल्यावर मला उलटी करून पुन्हा मोजले. दर दहाव्या रेघेला त्यांनी आकडा घातला. शून्याला मात्र घातला नाही.

"शून्य म्हंजे बूड," ते म्हणाले. "बूड जमिनीले टेकलं का झालं. त्याले आकडा कायले पाहिजे?"

त्या शहाण्या माणसाची एवढीच चूक झाली. जमीन जागच्या जागी राहते, असे त्यांनी गृहीत धरले.

सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या एका गावच्या पोलीस चौकीत मला भिंतीवर खिळले, बूड बरोबर जमिनीला टेकवून. गावाचे नाव मी सांगणार नाही. अशा चौक्या पुष्कळ असतील. पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. पोलीस भरतीला निघालेली पोरे आधी माझ्यापाशी येत. कोणी केसांचा फुगा काढून येई, कोणी हळूच टाचा उचले. सकाळचा माणूस संध्याकाळच्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर उंच भरतो, हे मी रोज पाहत होते. पण ते वहीत टिपून ठेवावे असे एकालाही वाटले नाही. त्याऐवजी दसऱ्याला बंदुकांबरोबर माझी पूजा होई आणि कुंकवाचे बोट नेमके एकशे पासष्टाच्या रेघेवर उठे. ती रेघ मग दिवाळीपर्यंत कोणाला दिसत नसे. डोक्यावर टेकवण्याचा माझा लाकडी ठोकळा दाराच्या फटीत अडकवायला गेला. त्याच्या जागी कायद्याचे जाड पुस्तक आले, आणि ते प्रत्येकाच्या डोक्यावर आपल्या मर्जीने कलत असे.

चौकीची झाडलोट अंबाबाईंकडे होती. जमीन मातीची. दर शुक्रवारी अंबाबाई शेणामातीने ती अशी सारवत की बघत राहावे. चौदा वर्षांत सुमारे सातशे थर झाले आणि त्यांची एकूण जाडी झाली दोन सेंटिमीटर. म्हणजे एक थर वहीच्या कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. मित्रांनो, एवढ्या पातळ गोष्टी कोणाला दिसत नाहीत. माझे शून्य मातीखाली गेले, पहिली रेघ गेली, दुसरी गेली. उंची मोजणारा माणूस नेहमी वर पाहतो. खाली पाहण्याची चौदा वर्षांत कोणाला गरज वाटली नाही.

आता सुखदेवची हकीकत सांगते. सुखदेव त्या चौकीतला शिपाई. १९७४ साली भरती झाला तेव्हा छिंदवाड्याला त्याची उंची एकशे सहासष्ट भरली होती आणि सेवापुस्तकात तशी नोंद झाली होती. बारा वर्षे शिपाईगिरी केल्यावर, खात्यातल्या खात्यात सब-इन्स्पेक्टर होण्याची परीक्षा द्यायचे त्याने ठरवले. वयाच्या अटीप्रमाणे त्याला ते शेवटचे वर्ष होते. परीक्षा हिंदीतून होती, म्हणून दोन वर्षे तो दुपारी माझ्याच खाली बसून हिंदीतले कायदे पाठ करी. त्याची बायको वत्सला डबा घेऊन येई आणि पुस्तक हातात धरून त्याची परीक्षा घेई.

"तीनशे एकोणऐंशी?"

"चोरीची सजा. तीन साल."

"अन् बायकोच्या डब्यातली भाजी ठेवून देल्याची?"

"ते कलम अजून निघालं नाही."

"मी काढून रायली. खा आधी."

फॉर्मवर उंचीचा दाखला चौकीच्या हवालदाराने द्यायचा होता. त्या वर्षीच्या परिपत्रकात किमान उंची एकशे सदुसष्ट मागितली होती. हवालदार केशवरावांनी सुखदेवला माझ्याशी उभे केले, डोक्यावर पुस्तक ठेवले आणि वर पाहून जाहीर केले, "एकशे अडुसष्ट!"

चौतीस वर्षांचा माणूस दोन सेंटिमीटर वाढला, आणि चौकीत पेढे वाटले गेले. हे कसे झाले असेल, याची चर्चाही झाली. केशवरावांच्या मते पोलिसाची भाकर मानवली. जयवंता शिपाई म्हणाला, अभ्यासानं मान ताठ होते. चहावाल्या भैय्याजीने सगळे श्रेय सौंसरच्या संत्र्यांना दिले. कारणे तीन निघाली. पुन्हा एकदा मोजून पाहावे, असे म्हणणारा एकही निघाला नाही. सुखदेव तेवढा थोडा गोंधळल्यासारखा दिसला. पण आनंदात माणूस स्वतःला प्रश्न विचारत नाही.

लेखी परीक्षेत त्याचा चौथा क्रमांक आला. वत्सलाने सगळ्या पोलीस लाइनीत, घरोघर गूळ वाटला. आणि पंधरा दिवसांनी छिंदवाड्याहून पत्र आले. तिथल्या एका कारकुनाने, जे कोणीच केले नव्हते ते केले: एकाच फाइलमधले दोन कागद शेजारी ठेवून वाचले. एकात एकशे सहासष्ट, दुसऱ्यात एकशे अडुसष्ट. खोटा दाखला दिल्याबद्दल चौकशी लागली. आता प्रश्न बढतीचा राहिला नव्हता; नोकरीच जाते की काय, असा होता.

चौकशीला मोठे साहेब येणार म्हटल्यावर केशवरावांनी काय केले असेल? मला तपासले? नाही. त्यांनी अंबाबाईंना हुकूम सोडला, "साहेब येऊन रायले, बाई. असं सारवा का चौकी झकास दिसली पाहिजे. हात आखडू नका." अंबाबाईंनी हात आखडला नाही. एका दिवसात जमीन अर्धा सेंटिमीटर वर आली. मी भिंतीवर खिळलेली. ओरडण्याची सोय नत्थूजींनी केली नव्हती.

दोन दिवसांनी प्रभाकर साहेब आले. मोजायचा फिता ते छिंदवाड्यालाच विसरले होते. "पट्टी आहे ना," ते म्हणाले. सुखदेव उभा राहिला. दाराबाहेर वत्सला पदर तोंडाशी धरून उभी होती.

"एकशे साडेअडुसष्ट," साहेबांनी वाचले आणि ते हसले. "अहो, हा तर वाढूनच राहिला! पेन्शनीपर्यंत छपराला डोकं लागेल याचं."

सगळे हसले. साहेबांनी पेन काढले. त्यांना जेवून पुढे पांढुर्ण्याला जायचे होते. "चौऱ्याहत्तर सालची नोंद कारकुनाची चूक दिसते," ते म्हणाले. "तसं लिहून टाकतो. प्रकरण संपलं."

मित्रांनो, त्या एका वाक्याने सुखदेवची नोकरी वाचत होती आणि वर सब-इन्स्पेक्टरची जागाही मिळत होती. वत्सलाने डोळे मिटले. आणि कोपऱ्यात उभ्या अंबाबाई, आपल्या जमिनीकडे कोणाचेच लक्ष नाही म्हणून नाराज झालेल्या, बोलून गेल्या.

"तो कायचा वाढते, साहेब? माही जमीन वाढली. त्या पट्टीले बुडाशी अजून दोन लकेरा होत्या. मीच लिपल्या."

केशवराव पुढे झाले. "म्हातारी हाये, साहेब. काही बी बोलते. तुम्ही करा सही."

साहेबांनी सुखदेवकडे पाहिले. "काय रे? खरं आहे का हे?"

अंबाबाईंना एव्हाना कळले होते. "माह्या तोंडाले आग लागो," त्या पुटपुटल्या. सुखदेवने नुसते "नाही" म्हटले असते, तरी भागले असते. सगळ्यांना तेच ऐकायचे होते. तो गुडघ्यावर बसला, खिशातून सायकलची किल्ली काढली आणि माझ्या बुडाशी माती खरवडू लागला. दुसरी रेघ दिसली. मग पहिली. मग माझे बूड, चौदा वर्षांनी, उजेडात आले.

"अडीच सेंटिमीटर, साहेब," तो म्हणाला आणि उठून पुन्हा माझ्याशी उभा राहिला.

साडेअडुसष्टातून अडीच. केशवरावांनी ती वजाबाकी कागदावर दोनदा करून पाहिली, जणू दुसऱ्यांदा वेगळे उत्तर येणार होते. एकशे सहासष्ट. चौऱ्याहत्तरच्या नोंदीशी रेघेला रेघ जुळले.

खोटेपणाचा आरोप तिथेच मिटला. बढतीही तिथेच मिटली. एक सेंटिमीटर कमी पडला. प्रभाकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि अहवालात लिहिले: 'मोजपट्टी सदोष आढळली. नवीन बसवावी.' मोजपट्टी सदोष! महिन्याभरात नवी पट्टी आली आणि त्याच भिंतीवर, त्याच मातीत बूड टेकवून ठोकली गेली. पुढच्याच शुक्रवारी अंबाबाईंनी जमीन सारवली. मी दारामागे टेकून हे सगळे पाहत होते.

भंगारात जाण्याआधी सुखदेवने मला मागून घेतले आणि घरी नेले. वत्सला महिनाभर धुमसत होती. मला पाहिल्यावर तिचा बांध फुटला.

"दोन वरसं मी कलमं विचारली तुमाले. चौथा नंबर आला. चूप रायले असते, त काय मेले असते?"

"मेलो नसतो," सुखदेव म्हणाला. "पण जिंदगीभर टाचा उचलून उभा रायलो असतो."

वत्सलाने त्याचे ताट वाढले.

आता मी त्यांच्या अंगणात, फरशीच्या तुकड्यावर उभी असते. लाइनीतली माणसे कधीमधी पोरांची उंची मोजायला येतात. तुम्हाला माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. मला हार नको, कुंकू नको. मोजायला कोणाला उभे करण्याआधी एकदा खाली वाका आणि माझे बूड कशावर टेकले आहे ते बघा. वाकल्याने माणसाची उंची कमी होत नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. सुखदेव उठून उभा राहिला, तेव्हा मोजले आहे.