दुर्बिणीचं ऑपरेशन
बादलीच्या कडीला हात घालायला सून वाकली आणि अर्ध्यातच थांबली. कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत उतरली.

"आता काय झालं?" सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"डॉक्टरांनी महिनाभर वाकू नका म्हटलंय. मणक्यातली गादी पुन्हा सरकली, तर पाय कायमचा जाईल म्हणाले."

"छोटंसं ऑपरेशन आहे, असंही तेच म्हणाले. ऐकलंय मी या कानांनी."

छोटंसं! त्या एका शब्दाने घात केला. सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा व्रण चांगला वीतभर; तेव्हा याच सुनेने त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. हिच्या पाठीवर नखाएवढी चिकटपट्टी. वीतभर व्रणाला विश्रांती आणि नखभर व्रणाला बादली, असा या घरचा न्याय!

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"दुर्बिणीचं ऑपरेशन ना ते? दुर्बीण लावूनसुद्धा डॉक्टरांना हिचं दुखणं सापडलं की नाही, कोण जाणे!"

मायलेक हसले. सुनेने दात आवळून बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत नर्सने जखम दाबून पाहिली.

"वजन उचललंत?"

सून एकदम उसळली.

"सिस्टर, मोठी पट्टी बांधा हो. ही कुणाला दिसतच नाही!"

नर्सने खणातून रुंद पट्टीची गुंडाळी काढली.

"सासूबाई की नवरा?"

"दोघंही."

"मग कुडत्यावरूनच बांधू. चांगले जाड वेढे देते."

छातीपासून कमरेपर्यंत पांढरीशुभ्र झालेली सून घराच्या दारात उभी राहिली, तशा सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"अगं बाई! एवढं मोठं होतं, तर सांगायचं नाही का?"

नवरा धावला. त्याने मोरीतली भरलेली बादली उचलली.

"तू बस. मी नेतो."

सुनेला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. उलट अंगाचा तिळपापड झाला. तिने गाठ सोडली. एकेक वेढा उलगडत सगळी पट्टी काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही या पट्टीचंच ऐकता."

मग पाठ फिरवून तिने कुडता थोडा वर केला. तिथे तीच, नखाएवढी चिकटपट्टी होती.

नवरा बादली धरून उभा होता. ती खाली ठेवावी की न्यावी, हे त्याला कळेना.