ढिगाची ऊब

“एकही रकाना रिकामा असेल तर कागद पुढे सरकवायचा नाही, बाई.” जुने हेडक्लार्क निवृत्तीच्या दिवशी एवढंच बजावून गेले, आणि नगर कचेरीतल्या कारकूनबाईंनी त्यांचा शब्द अकरा वर्षं व्रतासारखा पाळला.

वादळाला एकोणीस दिवस झाले होते. त्या दिवशी दुपारी बाई मैदानावर पोचल्या, तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडलेल्या झाडांचा भरडून केलेला ओला भुसा तिथे दुमजली उंच रचला होता आणि त्याच्या माथ्यातून वाफ निघत होती. ना काडी, ना विस्तव. लोक हात जोडून उभे. आणि मधोमध पांढऱ्या झग्यातले वाफबाबा.

“वादळानं तुमचं जे जे नेलं, त्याचा श्वास आहे हा!” बाबा दोरीने एक हंडा ढिगातून ओढत होते. “काल थंडगार पाणी ठेवलं, मंत्र घातला. घाला बोट!”

एकाने घातलं आणि “आई गं!” करून चोखत बसला. गर्दी हरखली.

“दोन घोट घ्या. गुडघे, पाठ, सासूचा स्वभाव, सगळं सुधारेल. पण ढीग हलवाल, तर दुसरं वादळ दारात उभं!”

बाई आल्या होत्या तो ढीग मापायला. हा कचरा जुन्या खाणीत पुरायचा, तर वरच्या कचेरीची तातडीची परवानगी हवी. अर्ज तयार होता, फक्त ‘ढिगाची उंची’ हा रकाना रिकामा होता. ढीग रचून घेणाऱ्या मुकादमांना विचारलं की ते म्हणायचे, “रोज वाढतोय, मापू कसा? थांबला की मापतो.” म्हणून अर्ज बाईंच्या खणात पडून होता.

गर्दीतून वाट काढत बाई ढिगापाशी गेल्या. वरचा थर गार होता. त्यांनी भुशात कोपरापर्यंत हात घातला, आणि आत ऊब लागली. अंगाला अंग लागावं तशी. बाईंच्या घरी संध्याकाळी कुलूप तेवढं वाट बघायचं. कुणाच्या हाताची ऊब लागून किती वर्षं झाली, ते त्यांनी मोजणंही सोडलं होतं. हात काढायला त्यांना जरा उशीरच झाला.

“चढली का गुंगी?” मागून मुकादमांचा आवाज आला. त्यांनी नाक फेंदारून हुंगलं. “बाई, हा आंबूस वास येतोय ना, तो कुजल्याचा, पण त्यात करपल्याचाही आहे. ओला पाला कुजला की तापतो. खताचा खड्डा तापतो तसाच. इतका उंच रचला की आतली धग बाहेर पडत नाही. मग एक दिवस आपोआप पेटतो.”

“मग इतका उंच रचलात कशाला?”

“टाकू कुठं? आम्ही डोक्याच्या वर कधी रचत नाही. पण तुमची परवानगी येईना. गाड्या येत राहिल्या, आम्ही चढवत राहिलो.”

बाईंनी वळून पाहिलं. ढिगाच्या पायथ्याला टेकून एक बैठं घर होतं. तिथल्या आजी एकट्या राहत, काठीशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. ढीग पेटला, तर पहिली भिंत त्यांची.

अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं: आणीबाणीत फोनवर परवानगी घ्यावी, कागद मागाहून. बाईंनी ते शंभरदा वाचलं होतं आणि कधीच वापरलं नव्हतं. त्यांनी तिथेच फोन लावला.

“उंची?” पलीकडून विचारलं.

“माहीत नाही. रकाना रिकामा आहे. पण आत आग धरतेय, आणि शेजारी माणूस राहतं.”

“मग फोन कसला करताय? हलवा लगेच. कागद उद्या पाठवा.”

एका मिनिटाचं काम. एकोणीस दिवस.

पहिला ट्रक आला आणि चार जण त्याच्या चाकांपुढे आडवे झाले. बाबांना चेव चढला. बाई पुढे झाल्या. त्यांचा आवाज मुळात इतका हळू, की ऐकायला गर्दीलाच गप्प व्हावं लागलं.

“बाबा, पाणी तुमच्या मंत्राने तापतं ना?”

“मग कुणाच्या, ताई? तुमच्या शिक्क्याच्या?” लोक हसले.

“मग ट्रकमधली ही सळई घ्या. त्या मोडक्या पत्र्यांच्या ढिगात खुपसा आणि मंत्र म्हणा. पत्रेही वादळानंच उडवलेत. आमचे मुकादम दुसरी सळई मैदानाच्या टोकाला असलेल्या भुशाच्या दुसऱ्या ढिगात खुपसतील, जिथं कुणी फूलसुद्धा वाहिलेलं नाही. ते मंत्र म्हणणार नाहीत.”

“त्यांना येतात फक्त शिव्या,” कुणीतरी म्हणालं.

“पत्र्यात श्वास नसतो,” बाबा पुटपुटले.

“म्हणा हो बाबा! दाखवाच!” ज्यांनी डोक्यावर घेतलं, तेच आता मागे लागले.

आभाळ गच्च होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. अर्धा तास बाबांनी पत्र्यांपुढे घसा कोरडा केला. सळई जशी होती तशी गार. मुकादमांनी टोकाच्या ढिगातली उपसली, तर ती ज्याच्या हातात दिली त्याने पुढच्याच्या हातात फेकली. मग त्यांनी मोठ्या ढिगाच्या कुशीत फावडं घातलं. आतला भुसा काळपट निघाला आणि मोकळी हवा लागताच धुमसू लागला. आडवे झालेले चौघे सगळ्यांत आधी पळाले.

“खत बनवायच्या कामावर होता वाटतं, बाबा?” मुकादमांनी विचारलं.

“सहा वर्षं,” बाबा म्हणाले. त्यांनी हंडा काखेत मारला आणि काढता पाय घेतला.

“हात जोडायला माझी ना नाही,” बाई लोकांना म्हणाल्या. “मीही रोज जोडते. पण जोडण्याआधी त्याच हातांनी चाचपून बघा. दुसऱ्या ढिगावर करून बघा, बाबाला वगळून करून बघा. खरं असेल ते तिथंही टिकेल. आपण डोळे मिटून फसावं, याची देवाला काय गरज? आणि चूक माझीही आहे. मी कागद अडवला, म्हणून हा चमत्कार वाढला.”

गर्दी पांगली. आजी दारात बसून होत्या.

“श्वास-बिस काही नाही, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, पोरी,” त्या म्हणाल्या. “कुजलेल्याचा वास मला कळत नाही होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“ढीग बघायला आलेले लोक माझ्याकडे प्यायला पाणी मागायला येत होते गं. बसत होते. आठ दिवस या दारात कुणीतरी होतं. आता ढीग जाईल, माणसंही जातील.”

बाई त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या. “उद्या संध्याकाळी मी येईन,” त्या म्हणाल्या.

“सगळेच म्हणतात तसं.”

“येईन, आजी.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मैदान मोकळं झालं. साडेपाचला बाईंनी कचेरीच्या खिडक्या लावल्या, चपला पायात सरकवल्या आणि कुणाला काही न सांगता घराकडचा रस्ता सोडून त्या मैदानाकडे चालू लागल्या.