किरकोळ जखमींची नावे

आमच्या घरी येणाऱ्या दैनिकाच्या जुन्या अंकांत, अपघाताच्या पहिल्या बातमीत, 'किरकोळ जखमी' म्हटलेल्या प्रत्येक माणसाचे नाव छापलेले आहे; 'गंभीर जखमी' म्हटलेल्या एकाचेही नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. शब्द हे माझे क्षेत्र नव्हे. पण दादाचे नाव त्या पहिल्या गटात होते. तो परगावच्या कारखान्यात होता. तिथला बॉयलर फुटल्याची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आईने वाचली. वहिनी निघायच्या तयारीत होती. आईने तिला थांबवले : किरकोळ आहे असे छापले आहे, तान्ह्या लेकराला घेऊन आज धावपळ कशाला, उद्या सगळेच जाऊ. दादा त्याच संध्याकाळी गेला. पोटात रक्तस्राव झाला होता.

तेव्हापासून वहिनी आईचे सगळे करते, पण तिच्याशी बोलत नाही. आई आता अंथरुणाला खिळली आहे. वहिनी तिच्या उशाशी उभी राहून मला सांगते, "वन्सं, त्यांना म्हणावं, गोळी घ्या." गोळी तिच्याच हातात असते.

मध्यंतरी आईने मला विचारले, "त्या शब्दावर विसंबले, हे माझं चुकलं का गं?"

नाही म्हणून मोकळे होता आले असते. पुराव्यावाचून उत्तर द्यायची मला सवय नाही. शिवाय दारातून वहिनी म्हणाली, "वन्सं, हे मलाही कळायला हवं."

दैनिकाचे जुने अंक कचेरीच्या तळघरात बांधून ठेवले आहेत. तिथल्या ग्रंथपालाने जाडजूड खंड माझ्यापुढे आदळले आणि म्हटले, "मॅडम, लोक इथे स्वतःचं नाव शोधायला येतात. शब्द शोधायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." पुढे त्याने मला चहाही पाजला, बहुधा कीव आली असावी.

माझा पहिला तर्क असा की कारखान्यांचे मालक दबाव आणून शब्द सौम्य करून घेत असावेत. पण रस्त्यावरच्या अपघातांत आणि भिंती कोसळल्या तिथेही नावे फक्त किरकोळ जखमींचीच आढळली, आणि तिथे सांभाळायला मालक नव्हता. दुसरा तर्क, नावे नातेवाइकांनी दिली असावीत. पण नातेवाईक गंभीर जखमींनाही असतात. दोन्ही तर्क बाद झाले. तेव्हा मी दादाची बातमी लिहिणाऱ्या निवृत्त बातमीदाराचा पत्ता मिळवला.

तो गॅलरीत बसून स्टुलाचा मोडका पाय चिकटवत होता. दादाची बातमी त्याला आठवत नव्हती. पद्धत मात्र चांगली आठवत होती. डॉक्टर आत गुंतलेले असत, कर्मचारी दाद देत नसत, आणि संध्याकाळच्या आत मजकूर पाठवावा लागे. वरिष्ठांनी सगळ्यांना एकच युक्ती शिकवली होती.

"रुग्णालयाच्या दारात उभं राहायचं," तो म्हणाला. "स्ट्रेचर आलं की विचारायचं, नाव काय? सांगितलं, तर किरकोळ. नाही सांगितलं, तर गंभीर. तुम्हा विज्ञानवाल्यांना तर हे आवडायला हवं, बाई. प्रश्न एक, उत्तरं दोन."

नंतर कोणी चूक दाखवली नाही का, असे मी विचारले.

"माणूस गेला की मृत्यूची वेगळी बातमी व्हायची. आदल्या दिवशीचा शब्द कोण काढून बघतो?" स्टूल हलते का ते पाहत तो म्हणाला. त्याच्या स्वरात खेद नव्हता. तो मागण्याचा अधिकार मला होता की नाही, याचीही मला खात्री नव्हती.

घरी येऊन मी दोघींना एकत्रच सांगितले. त्या शब्दाचा दादाच्या प्रकृतीशी संबंध नव्हता. छापील शब्द खरा धरण्यात आईने जगावेगळे काही केले नव्हते. यामुळे घरातला ताण काही अंशी उतरेल अशी माझी अपेक्षा होती.

वहिनी हातातला टॉवेल घडी घालता घालता थांबली. मग इतक्या वर्षांत प्रथमच ती थेट आईशी बोलली.

"म्हणजे ते बोलत होते, आई. त्या दिवशी मी गेले असते, तर माझ्याशीही बोलले असते."

आईने भिंतीकडे तोंड फिरवले. वहिनी टॉवेल ठेवून आत गेली. वहिनीच्या म्हणण्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते.

दादाला किरकोळ ठरवण्यापूर्वी कोणीही तपासले नव्हते. त्याला नाव विचारले होते, आणि त्याने ते सांगितले होते.